मालगाडीची वेळ

आमच्या तिसगावला रेल्वे नाही. लहानपणी गाडी बघायची तर नगर गाठावं लागायचं, आणि नगरला आम्ही जायचो ते दवाखान्याला नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला. नुसती गाडी दाखवायला कोण नेणार? मी रेल्वेत पहिल्यांदा बसले ती डिप्लोमा झाल्यावर, भरतीच्या परीक्षेला जाताना. जागा मिळाली नाही, दाराजवळ बॅगेवर बसून गेले. त्याच परीक्षेतून पुढे मी सहायक लोको पायलट झाले.

वडिलांची पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "पोरगी रेल्वे चालवती." मी कितीदा सांगितलं, "अहो, मी चालवत नाही, चालवणाऱ्याच्या शेजारी बसते." ते म्हणायचे, "म्हंजे तेच की."

ते तेच नव्हतं. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं. सहायकाने समोर बघायचं, प्रत्येक सिग्नलचा रंग मोठ्याने सांगायचा, गाडीत काही बिघडलं तर खाली उतरून बघायचं. माझा बहुतेक दिवस "डिस्टंट हिरवा, होम हिरवा" असं बोलण्यात जायचा. इंजिनात बाईमाणसासाठी सोय नसते, म्हणून मी ड्यूटीवर पाणी जवळजवळ पीतच नसे. आई फोनवर बाटली भरून घेच म्हणायची म्हणून घ्यायची, आणि संध्याकाळी दौंडच्या खोलीवर तशीच भरलेली परत आणायची.

प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला देशाच्या रेल्वेचा इतिहास शिकवला होता. वर्गाच्या भिंतीवर तीन चित्रं होती. वाफेचं इंजिन, डिझेलचं इंजिन, विजेचं इंजिन. बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीपासून सुरुवात करून सर एकेका चित्रावर पट्टी ठेवत पुढे जायचे. वाफेच्या इंजिनाला तीन माणसं लागायची, कोळसा लागायचा, वाटेत ठिकठिकाणी पाणी भरावं लागायचं. डिझेलला दोन माणसं पुरली. विजेचं इंजिन सगळ्यात सुधारलेलं. त्याचे फायदे सरांनी फळ्यावर लिहून दिले, आम्ही वहीत उतरवले. त्यात एका ओळीत होतं, 'धूर नाही, आवाज कमी.' परीक्षेत मला त्याचे पूर्ण मार्क मिळाले.

दौंड ते मनमाड हा आमचा मार्ग. अर्ध्याहून जास्त वाट नगर जिल्ह्यातून जाते. मी ज्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त फिरले ते लोको पायलट निवृत्तीला आले होते. वाफेच्या इंजिनाच्या शेवटच्या काळात ते इंजिन पुसायच्या कामावर लागले, मग फावड्याने कोळसा टाकला, मग डिझेलवर गेले, आणि आता विजेच्या इंजिनावर होते. भिंतीवरची तिन्ही चित्रं त्या एका माणसाने हाताळली होती. मी त्यांना काका म्हणायची. ते मला पहिले काही दिवस मॅडम म्हणाले, नंतर पोरी म्हणायला लागले. बोलणं कमी. डबा सोडला की आधी माझ्यापुढे सरकवायचे, एवढीच त्यांची माया.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो होळीच्या आसपासचा होता. सकाळचे दहा वाजले असतील. आम्ही रिकामी मालगाडी घेऊन नगरहून दौंडकडे निघालो होतो. ज्वारीची काढणी झाली होती, दोन्ही बाजूंना नुसती धसकटं. त्या भागात पूर्वी एकच रूळ होता. आता शेजारी दुसरा टाकला आहे, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी ताटकळत थांबावं लागत नाही. सगळ्यांनाच त्याचा आनंद होता. मलाही होता.

एका वळणावर समोरून शेजारच्या रुळावर एक्सप्रेस आली. मी उजव्या खिडकीशी होते, म्हणजे एक्सप्रेसच्या बाजूला. डबे माझ्या शेजारून धडधडत जात होते आणि वळणामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. शेवटचा डबा गेला आणि समोरची वाट उघडी झाली. आमच्या रुळावर काहीतरी काळं-करडं पसरलेलं होतं. पहिल्यांदा मला वाटलं, कामगारांनी खडी टाकलीय. मग ती खडी हलली.

"काका, मेंढरं!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हँडल इमर्जन्सीला गेलं, हवा सुटल्याचा मोठा सुस्कारा झाला. मी हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. परीक्षेत मला विचारलं होतं, मालगाडी थांबायला किती जागा लागते, आणि मी बरोबर उत्तर दिलं होतं. ते उत्तर मला आठवलं. आमच्याजवळ तेवढी जागा नव्हती, निम्मीही नव्हती. ब्रेक लागले होते, चाकं किंचाळत होती, आणि तरी आम्ही पुढेच जात होतो. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोकांना वाटतं, समोर काही आलं की आपण काहीतरी करतो. वळवायला आमच्याकडे काही नसतं. एकदा ब्रेक लावला की त्यानंतर इंजिनातली दोन्ही माणसं फक्त बघत असतात.

हॉर्नने मेंढरं पळतील असं मला वाटत होतं. ती पळाली नाहीत. घाबरून एकमेकांत शिरली, डोकी आत घातली, आणि रुळाच्या मधोमध त्यांचा घट्ट गोळा झाला. एक म्हातारी बाई हातातली काठी टाकून दोन्ही हातांनी त्यांना ओढत होती. एकीला मानेला धरून तिने बाहेर काढलं, परत वळली. काका ओरडले, "ए बाई, सर! सर बाजूला!" काचेतून तिला काय ऐकू जाणार होतं. अगदी शेवटच्या क्षणाला ती मागे पडली की तिने स्वतःला मागे टाकलं, ते मला कळलं नाही. इंजिन पुढे जाताना ती माझ्या खिडकीच्या बरोबर खाली, आमचा रूळ आणि शेजारचा रूळ यांच्या मधल्या खडीवर बसलेली होती. तिने वर बघितलं. मी खाली बघितलं.

इंजिनाखालून जे आवाज आले ते मी लिहिणार नाही.

गाडी थांबली तोवर इंजिन खूप पुढे आलं होतं. काकांनी हँडलवरचा हात काढला आणि पँटला पुसला. मग म्हणाले, "बाई वाचली का?"

"वाचली. मला दिसली."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डोळे मिटले. लोको पायलटने इंजिन सोडायचं नसतं. खाली उतरून चाकं आणि हवेचे पाइप बघत मागपर्यंत जायचं काम माझं. मी बाटली घेतली, वॉकीटॉकी घेतला आणि उतरले.

मालगाडीच्या कडेने खडीवरून चालणं एरवीही त्रासाचं असतं. त्या दिवशी डब्यांमागून डबे संपतच नव्हते. मी खाली वाकून चाकं बघत होते, आणि बघायचंही नव्हतं. शेपटाकडे पोचले तर गार्डसाहेब उतरून उभे होते. त्यांच्या कानाला फोन होता. ते हळूच म्हणाले, "मॅडम, पाइप बघून घ्या लवकर. कंट्रोल रूममधून विचारतायत. मागे गाडी उभी आहे."

गाडीच्या मागे थोड्या अंतरावर ती बाई होती. वाचलेली मेंढरं शेतात पांगली होती आणि लांब उभी राहून ओरडत होती. बाईसमोर एक मेंढी पडली होती. तिचे मागचे पाय राहिले नव्हते, आणि ती जिवंत होती. मान वर करायचा प्रयत्न करत होती. बाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

मी जवळ जाऊन उभी राहिले. म्हणाले, "आजी, तुम्हाला कुठं लागलं का?"

ती माझा गणवेश बघत राहिली. मग विचारलं, "तू हुतीस व्हय गाडीवर?"

"हो."

"तू चालवीत हुतीस?"

"मी शेजारी बसले होते."

"मंग थांबवली का न्हाई?"

तिने हे रागाने विचारलं नाही. मला वाटतं तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"थांबवली, आजी. ब्रेक लावला. पण थांबत नाही लगेच."

"येवढी मोठी गाडी," ती म्हणाली, "अन् थांबत न्हाई?"

मी बाटलीचं झाकण उघडून तिच्यापुढे धरली. तिने स्वतः घेतलं नाही. ओंजळ पुढे केली, तिच्यात पाणी घेतलं आणि मेंढीच्या तोंडाला लावलं. मेंढीने प्यायलं नाही. पाणी तिच्या गळ्यावरून खाली गेलं. बाई म्हणाली, "पी गं, पी," आणि परत ओंजळ पुढे केली. मी परत ओतलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. ना दोर, ना चाकू, ना औषध. मला त्या मेंढीला सोडवताही आलं नसतं आणि मारताही आलं नसतं.

"घरचं कोणी नाही का बरोबर?"

"दादला म्होरं गेलाय बिऱ्हाड घिऊन. सून पान्याला गेली." मग एक्सप्रेस गेली त्या दिशेला तिने हात केला. "म्या थांबले हुते. गाडी येतीय म्हनून थांबले. ती गेली, मंग घातली मेंढरं. येक गेली की दुसरी यायला लई येळ असतो. आजवर आसंच चालत आलंय."

वॉकीटॉकी बोलला. काकांचा आवाज होता, "पोरी, पाइप ठीक आहेत का?"

"ठीक आहेत."

"मग ये. निघायचंय."

मी बाईला म्हणाले, "आजी, मला जावं लागतंय." तिने मान हलवली. मी बाटली तिच्याजवळ ठेवली. इंजिनापर्यंत परत चालत गेले, वर चढले, आणि आम्ही निघालो. मागे वळून बघायला इंजिनात मागची खिडकी नसते.

पुढच्या स्टेशनात लेखी कळवावं लागलं. काकांनीच लिहिलं. अमुक ठिकाणी मेंढ्या रुळावर आल्या, इमर्जन्सी ब्रेक लावला, गाडीला उशीर झाला. खाली एक ओळ होती, मालकाबद्दल. तिथे त्यांनी लिहिलं, 'मालक आढळला नाही.'

मी म्हणाले, "काका, ती बाई होती ना तिथं."

"होती. लिहू का?" त्यांनी पेन थांबवलं. "लिहिलं तर पोलीस तिच्याकडे जातील. फाटक नसलेल्या जागी रूळ ओलांडणं हा गुन्हा आहे. वर गाडीला उशीर केला म्हणून तेही तिच्याच माथी. लिहू?"

मी नको म्हणाले. त्या कागदावर मीही सही केली. तिला वाचवायचं होतं म्हणून आम्ही तिला तिथून पुसून टाकलं. दुसरा काही मार्ग मला तेव्हा दिसला नाही, आजही दिसत नाही.

पुढे दौंडपर्यंत मी सिग्नल सांगत राहिले. मधेच काका बोलायला लागले, समोर बघतच. "वाफेच्या वेळी असं नसायचं. डोंगराआडून आधी धूर दिसायचा. मग ठोके ऐकू यायचे. तेवढ्यात धनगर मेंढरं आवरायचे. आमच्याकडे बघून हात करायचे. डिझेललाही घरघर होती, लांबून कळायचं. आता..." पुढचा सिग्नल आला. मी "हिरवा" म्हणाले, त्यांनीही "हिरवा" म्हटलं, आणि वाक्य तसंच राहिलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र प्रशिक्षणाच्या वहीतली ती ओळ येऊन उभी राहिली. मी ती स्वच्छ अक्षरात लिहिली होती.

त्यानंतर त्या जागेवरून जाताना मला धनगरांचा तळ दिसायचा. रुळापासून थोडं आत, एका शेतात जाळी लावून मेंढरं बसवलेली, शेजारी दोन घोडी, एक ताडपत्री. शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात, म्हणून ते तिथे टिकून होते. मी काकांना म्हणाले, सुट्टीच्या दिवशी जाऊन येऊ का? तुम्हीपण चला.

"मी नाही येणार." ते लगेच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "इतक्या वर्षांत माझ्या गाडीखाली काय काय आलंय, पोरी. माणसंसुद्धा. मी एकदाही कुणाच्या दारात गेलो नाही. गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी हँडल धरता आलं नसतं. तूही जाऊ नकोस."

मी गेले. दौंडहून स्कूटीवर गेले. पिशवीत बिस्किटं आणि साखर-चहापत्ती घेतली होती. ती घेताना दुकानातच लाज वाटली, तरी रिकाम्या हाताने कसं जाणार.

म्हातारी ताडपत्रीच्या सावलीला बसली होती. मी कोण ते तिला ओळखू आलं नाही. आवाज ऐकल्यावर म्हणाली, "पानी दिल्लं ती व्हय?" तिने मला बसायला घोंगडी दिली. तिची सून चुलीशी होती, माझ्याच वयाची असेल. ती माझ्याकडे जरा रोखूनच बघत होती. त्यांचं गाव कर्जत तालुक्यात. दिवाळीनंतर निघतात, पावसाच्या आधी परत जातात. म्हातारी लग्न होऊन आली तेव्हापासून याच वाटेने जात होती.

मी मनात खूप काही ठरवून गेले होते. माफी मागायची, वाईट वाटलं म्हणून सांगायचं. त्यातलं काही बोलायची वेळच आली नाही. चहा झाल्यावर म्हातारीने सरळ विचारलं, "गाडीच्या येळा सांगतीस का?"

"कसल्या वेळा?"

"मालाच्या गाडीच्या. पाशिंजरच्या आमाला ठाव हायेत. मालाची कवा येती, कवा जाती, तेवढं सांग. म्हंजे त्या टायमाला आमी थांबू."

सुनेने चुलीवरून मान वर केली. दोघी माझ्याकडे बघत होत्या. तिथवर कोणी रेल्वेचं माणूस पहिल्यांदाच आलं होतं, आणि त्यांनी माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती. भरपाई नाही, काही नाही.

"आजी, मालगाडीला वेळ नसते," मी म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हणजे ठरलेली नसते. माल भरला, रस्ता मोकळा मिळाला की निघते. आम्हालाच आदल्या दिवशी माहीत नसतं."

"तुमालाच म्हाईत न्हाई?" सून म्हणाली.

"नाही."

म्हातारीला ते खरं वाटलं नसावं. तिला वाटलं, मी सांगत नाहीये. ती म्हणाली, "आसू दे, न सांगायचं आसंल तर." मी शपथ घेतल्यासारखी बोलत राहिले, की खरंच नसते वेळ, आणि बोलता बोलता मला सुचलं, सिग्नल! तळापासून एक सिग्नल दिसत होता. मी उत्साहाने उठले. "तो खांब बघा. त्यावर दिवा आहे ना, त्याचा रंग..."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. तो एकाच बाजूच्या गाड्यांचा सिग्नल होता. दुसऱ्या बाजूचा वळणापलीकडे. आणि लाल आहे म्हणजे गाडी नाही, असं काही नसतं. अर्धवट शिकवलं तर त्यावर भरवसा ठेवून एखाद्या दिवशी ही बाई परत मेंढरं घालेल, आणि त्या वेळी ती मेंढरं मीच घालायला लावली असं होईल. मी परत घोंगडीवर बसले.

म्हातारी त्या दिशेला तोंड करून बघत होती. "कुठला खांब?" तिने विचारलं.

सून म्हणाली, "त्यास्नी न्हाई दिसत. डोळ्यात पडदा आलाय. कानावरच चालतंय सगळं."

"कानावर बी काय," म्हातारी म्हणाली. "आदी पार लांबनं कळायचं. जिमीन थरथरायची, आवाज यायचा. वर तारा आल्या तवापास्नं आवाज ग्येला. तरी बी येक गाडी गेली की निवांत हुतं. आता दुसरा रूळ टाकला, तर ते बी न्हाई ऱ्हायलं."

मी ऐकत होते. माझ्या सरांनी दोन तासांत शिकवलेला इतिहास तिने एका दमात सांगितला होता, फक्त रुळाच्या पलीकडच्या बाजूने.

निघताना सून माझ्यामागे रस्त्यापर्यंत आली. तिने कमरेचा मोबाईल काढला. "ताई, तुमचा नंबर द्या. मेंढरं पल्याड न्यायच्या टायमाला फोन करीन. तुमी फकस्त गाडी हाय का न्हाई तेवढं सांगा."

ड्यूटीवर आमचे मोबाईल बंद असतात. इंजिनात फोन चालू सापडला तर नोकरीवर येतं, आणि ते बरोबरही आहे. ड्यूटीवर नसताना मला कुठली गाडी कुठे आहे हे माहीत नसतं. हे सगळं मी तिला सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "अहो, फोन बंद असतो माझा गाडीवर." ती म्हणाली, "चालू आसंल तवा सांगा." आणि मी नंबर दिला. तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही. त्या दिवसातली माझी सगळ्यात मोठी चूक कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

दुसऱ्या दिवसापासून मिस्ड कॉल यायला लागले. ड्यूटी संपवून, सही करून बाहेर आले, फोन चालू केला की दिसायचे. सकाळी एक, दुपारी दोन. मी लगेच उलट फोन लावायची. सून उचलायची आणि निवांत म्हणायची, "काय न्हाई ताई, गाडी येतीय का इचारायचं हुतं. मंग आलो आमी पल्याड."

"सगळी नीट आली ना?"

"आली की."

एकदा मी तिला समजावून सांगितलं, की माझ्या फोनवर अवलंबून राहू नका, मला कळत नाही, रस्त्याच्या पुलापर्यंत चालत जा आणि तिथून ओलांडा. ती म्हणाली, "पूल लांब हाय. मेंढरं निस्ती डांबरीनं न्यायची म्हंजे ट्रक येत्यात." मग म्हणाली, "तुमी नका काळजी करू." तिनेच मला धीर दिला.

माझ्या वरिष्ठांना मी विचारून बघितलं. त्या जागी हॉर्न देण्याचा बोर्ड लावता येईल का, अर्ज करू का? ते माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "फाटकाशिवाय बोर्ड बसत नाही. आणि अर्जात काय लिहिशील? इथून लोक रोज मेंढ्या घेऊन रूळ ओलांडतात? उद्या पोलीस तिथं उभे राहतील आणि त्यांनाच धरतील. नको करूस." मी केला नाही.

काकांना मी हे सगळं सांगितलं होतं. जाऊ नकोस म्हणालो होतो, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्या वळणाच्या बऱ्याच आधीपासून ते हॉर्नवर हात ठेवायचे आणि वळण संपेपर्यंत काढायचे नाहीत. ब्रेकही थोडा लावून गाडी आवरायचे. त्याने मिनिटं जायची, आणि मिनिटांची विचारणा व्हायची. ते काहीतरी कारण सांगायचे. वैशाखात ते निवृत्त झाले. ड्यूटीच्या सहीला जातो त्या लॉबीत हार घातला, पेढे वाटले. जाताना मला म्हणाले, "तुला आता नवीन माणूस मिळेल. त्याला सांगून बघ." मी सांगून बघितलं. नवीन लोको पायलट तरुण आहेत, वाईट नाहीत. म्हणाले, "मॅडम, असं प्रत्येक शेताला हॉर्न द्यायला लागलो तर मनमाडला पोचायचो कधी?" त्यांचंही काही चूक नव्हतं. माझ्या बाजूलाही हॉर्नचं बटण आहे, मी ते दाबते. ते काही म्हणत नाहीत.

पावसाच्या आधी एक दिवस तळ दिसला नाही. जाळी नाही, घोडी नाहीत, राखेचे तीन काळे डाग तेवढे शेतात होते. त्या आठवड्यात मिस्ड कॉलही आला नाही. मी फोन लावला तर बंद लागला. चार दिवस बंद लागत होता. त्या चार दिवसांत मी सगळ्या गाड्यांच्या लोकांना विचारलं, मेंढरं कुणाच्या गाडीखाली आली का? नाही म्हणाले. पण मग आम्ही कागदावर काय लिहितो ते मला माहीत होतं, त्यामुळे त्या नाहीवर माझा विश्वास बसेना.

पाचव्या दिवशी तिचाच फोन आला. कर्जतला घरी पोचले होते. वाटेत चार्जिंग नव्हतं म्हणून फोन बंद.

"आणि आजी?"

"हायेत की. डोळ्याला दाखवलं. डागदर म्हनला पडदा काढता यील, पन त्या नको म्हनत्यात. भ्यात्यात." ती थांबली. "औंदा त्या मेंढरांमागं न्हाई यायच्या. आमीच दोघं यिऊ. म्हनत्यात, त्या रुळाला म्या न्हाई जायाची."

पलीकडे कुठेतरी मेंढरं ओरडत होती.

"ताई," ती म्हणाली, "दिवाळीनंतर आमी परत त्याच वाटंनं यिऊ. तवा फोन करीन मंग. गाडी हाय का न्हाई तेवढं सांगा."

मी म्हणाले, "करा."